आक्कांच्या फाइलवरची ओळ

“हार्ट फेल्युअर आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि मी सगळ्यात आधी उठून केबिनचं दार नीट लावून घेतलं. बाहेर बाकावर आक्का बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण ‘हार्ट’ आणि ‘फेल’ हे दोन शब्द आता आपल्याकडे कुणाला कळत नाहीत?

मला त्या शब्दांचा एकच अर्थ ठाऊक होता. हृदय बंद पडलं, माणूस गेला. मग बाहेर बसून माझ्या पिशवीत बिस्किटं शोधणारी बाई कोण? डॉक्टरांना असले चेहरे रोजचेच असावेत. ते म्हणाले, “फेल्युअर म्हणजे बंद पडणं नव्हे. हृदय हा पंप आहे आणि तो अशक्त झालाय. जेवढं रक्त पुढे ढकलायला हवं तेवढं ढकलत नाही, म्हणून पाणी मागे साचतं. पायात, पोटात, फुप्फुसात. हा पूर्ण बरा होणारा आजार नाही, पण नीट सांभाळला तर माणूस चांगलं जगतं. सांभाळायचं मात्र घरी, आणि रोज.”

“त्यांना काही सांगू नका,” मी म्हणाले. “मी समजावीन. मी शिक्षिका होते.”

हे मी किती तोऱ्यात म्हणाले होते ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी माझ्या चुका करू नयेत, म्हणून हे लिहिते आहे. औषधांचं सांगायला डॉक्टर आहेत. मी फक्त आमच्या घरात काय झालं ते सांगणार.

आक्का माझ्या थोरल्या नणंद. वय सत्तरच्या पुढे, नक्की किती ते कुणालाच माहीत नाही. खाडीकाठच्या गावात मिठागरावर वाढल्या. बाकीची मुलं पाटी-पेन्सिल धरतात त्या वयात यांच्या डोक्यावर मिठाची टोपली होती. स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण धाकट्या भावाला हट्टाने शिकवलं. तो भाऊ म्हणजे माझे मिस्टर. आक्कांचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, तेव्हापासून त्या आमच्याकडे डोंबिवलीला, मानपाड्याच्या बाजूला. मी एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. सगळी गल्ली मला बाई म्हणते. आक्काही म्हणतात, पण त्यांच्या तोंडी त्यात अर्धी थट्टा असते.

लक्षणं दोन महिन्यांपासून होती. चपलेचा पट्टा रुतायला लागला, तेव्हा आम्ही नवी चप्पल आणली. दुसऱ्या मजल्यावर येताना त्या मधल्या वळणावर थांबायच्या आणि शेजारच्या कुंड्या बघत असल्याचं सोंग करायच्या. आडवं झालं की खोकला येतो म्हणून उशीवर उशी चढत तिसरी उशी आली. आम्ही कधी म्हटलं वय झालं, कधी म्हटलं पित्त आहे. मी ओव्याचं पाणी करून दिलं. एक दिवस आंघोळीहून बाहेर येऊन त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांना एक वाक्य सलग बोलता येईना, तेव्हा आमच्या तोंडचं पाणी पळालं.

कल्याणच्या हॉस्पिटलात ईसीजी झाला, छातीचा एक्स-रे झाला, रक्त तपासायला गेलं. मग इको. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात एक आकडा येतो, इजेक्शन फ्रॅक्शन. हृदय एका ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती हिस्सा बाहेर टाकतं, ते त्यावरून कळतं. आक्कांचा फारच कमी होता. पाच दिवस त्या ॲडमिट होत्या. डाययुरेटिक दिलं, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. पाय पुन्हा पायांसारखे दिसायला लागले.

डिस्चार्जला इंग्रजीत छापलेला एक कागद मिळाला. लो सॉल्ट, म्हणजे मीठ अगदी कमी. फ्लुइड रिस्ट्रिक्शन, म्हणजे दिवसभरात पोटात जाणारं सगळं पातळ मोजून दीड लिटरच्या आत. डेली वेट, म्हणजे रोज वजन. वजन अचानक वाढलं तर ते अंगाला लागलेलं नसतं, साचलेलं पाणी असतं.

मी खुशीत आले. हे तर माझं काम! मोठा कार्डशीट आणला, तीन रंगांच्या स्केचपेननी तक्ता केला, रेघा मारल्या, सुबक अक्षरात लिहिलं आणि आक्कांच्या पलंगासमोर चिकटवला. हो, ज्यांना अक्षरओळख नाही त्या बाईसमोर. मग पट्टी घेऊन एकेक ओळ समजावली. वीस मिनिटं बोलले. शेवटी विचारलं, “कळलं का?”

“हो, बाई,” आक्का म्हणाल्या. मग तक्त्याकडे बघून, “बरा दिसतो भितीवर.”

आता मिठाचं. बिनमिठाचं जेवण आक्का खातील हे मला अशक्य वाटत होतं. तेवढ्यात फोनवर एक संदेश आला, की साधं मीठ हृदयाचा शत्रू आणि सैंधव हृदयाचा मित्र. मला ते पटलं, कारण ते पटण्याची सोय माझ्या माहेरीच झालेली होती. आमच्याकडे एकादशीला मीठ वर्ज्य, सैंधव चालतं. लहानपणापासून डोक्यात पक्कं, की सैंधव म्हणजे मीठ नव्हे. मी घरातलं पांढरं मीठ मोलकरणीला देऊन टाकलं आणि गुलाबी सैंधवाच्या दोन पिशव्या आणल्या. ते जरा अळणी लागतं म्हणून चमचा अर्धा जास्त घालायला लागले. आमटीत, भाजीत, ताकात, भाकरीच्या पिठात.

पहिल्याच दिवशी आक्कांनी आमटी भुरकली आणि भुवया वर केल्या. “यात मीठ हाय गो.”

“आक्का, ते सैंधव आहे. उपवासाचं.”

“असंल. पन मीठ हाय.”

ज्या बाईचं बालपण मिठात गेलं, तिच्या जिभेवर मी विश्वास ठेवला नाही. वर हसून म्हणाले, “तुम्हाला नाही कळायचं ते.” त्यांनी मुकाट्याने ताट संपवलं. माझ्या हातचं परत करायचं नाही ही त्यांची रीत.

तीन आठवड्यांत पाय पुन्हा सुजले आणि आम्ही पुन्हा त्याच वॉर्डात. या वेळी ऑक्सिजनही लावावा लागला. मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “असं पाणी पुन्हा पुन्हा भरत राहिलं तर दर वेळी हृदय आणखी थकत जाईल. हे थांबवायला हवं. घरी काय चुकतंय ते शोधा.” मी खिडकीशी जाऊन रडले. आक्का गेल्या तर ह्यांना मी काय तोंड दाखवणार, हा पहिला विचार. आणि आक्का गेल्या तर मला बाई म्हणून कोण चिडवणार, हा दुसरा.

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आला, फाइल उघडून आक्कांच्या पलंगाशी उभा राहिला. जेवणात काय काय असतं ते विचारू लागला. मी पुढे होऊन अभिमानाने सांगितलं, “घरात मीठ नाहीच. फक्त सैंधव.”

त्याने मान वर केली. “सैंधव म्हणजे मीठच की! रंग वेगळा, सोडियम जवळजवळ तेवढंच. आणि हो, ते लो-सोडियम मीठ मिळतं ना, तेही परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, यांच्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं. सैंधवाची अक्कल कुणाची?”

 आजूबाजूच्या पलंगांवरचे नातेवाईक बघत होते. त्यांतली एक तर माझ्या जुन्या विद्यार्थ्याची आई निघालेली, सकाळीच “बाई, तुम्ही इथे?” म्हणून गेलेली.

“माझी,” आक्का म्हणाल्या. मास्कमधून आवाज घोगरा येत होता. “मीच आनलं. सैपाक मीच करते. माझा हात सैल हाय.”

डॉक्टरने सुस्कारा सोडला आणि फाइलवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. मला ती उलट्या बाजूनेही वाचता आली. पेशंट पथ्य पाळत नाही, वारंवार सांगूनही. खाली सही.

मी काही बोलले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. घरी येऊन सैंधव बेसिनमध्ये ओतलं, पाण्याने वाहून घालवलं, आणि आक्कांना इतकंच म्हणाले, “आता अळणी करू.” त्या म्हणाल्या, “कर.” विषय संपला. निदान मी तसं धरून चालले.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला ठाण्याच्या एका हॉस्पिटलात पाठवलं. तिथे दर मंगळवारी फक्त अशाच पेशंटांची ओपीडी असते, आणि डॉक्टरांच्या आधी तिथल्या सिस्टर बोलतात. आम्हाला भेटल्या त्या वर्षा सिस्टर. शहाडहून येतात. बारक्या चणीच्या, आवाज अगदी हळू. माझ्या वर्गात या बाईंना पाच मिनिटं टिकता आलं नसतं, असं मी मनात म्हणूनही घेतलं.

त्यांनी तक्ता काढला नाही. कागदही दिला नाही. खुर्ची आक्कांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी ओढली आणि एकच गोष्ट सांगितली, वजनाची. मग म्हणाल्या, “आजी, आता उद्या सकाळी तुम्ही काय करणार ते मला सांगा. परीक्षा तुमची नाही, माझी आहे. तुम्हाला सांगता आलं नाही तर मी नीट सांगितलेलं नाही.”

आक्का गडबडल्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सिस्टरनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर तासभर वाटला. मग आक्का बोलायला लागल्या. “सकाली उठायचं. मोरीला जाऊन यायचं. चायच्या आधी काट्यावर उभं ऱ्हायचं.”

“बरोबर. कपडे?”

“रोजचेच. जाड गोधडी पांघरून नाय.”

सगळे हसलो. मी मात्र हसता हसता गार पडले. एकतीस वर्षं मी ‘कळलं का?’ विचारत आले. चाळीस पोरं एका सुरात ‘हो, बाई’ म्हणायची आणि मी पुढचं पान उलटायची. त्या चाळिसांतल्या किती जणांना खरंच कळलं होतं?

आकडे वाचता येत नाहीत म्हटल्यावर सिस्टरनी काट्याचं वजनयंत्र आणायला सांगितलं. पुढच्या मंगळवारी आम्ही ते पिशवीतून नेलं. त्यांनी आक्कांना त्यावर उभं केलं, काटा जिथे थांबला तिथे काचेवर हिरवी टिकली लावली, दोन किलो पुढे लाल टिकली. टिकल्या त्यांच्या स्वतःच्या पाकिटातल्या. “काटा हिरवीपाशी, तर सगळं ठीक. दोन-तीन दिवसांत लालपर्यंत गेला, तर मला फोन.” आक्कांनी टिकल्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “माझ्या कपाली नाय, काट्याच्या कपाली तरी लागली.”

पाण्याचंही असंच. दीड लिटरचा एक तांब्या ठरला. सकाळी तो भरायचा, दिवसभर त्यातलंच प्यायचं, आणि चहा, ताक, आमटी घेतली की तेवढं पाणी तांब्यातून झाडाला घालायचं. माझ्या तक्त्यावर हेच लिहिलेलं होतं, पण तक्त्यातून पाणी ओतता येत नाही. पायाचंही आक्का शिकल्या. नडगीवर अंगठा दाबून धरायचा, खड्डा पडून तसाच राहिला तर सूज. एका भेटीत एकच गोष्ट, आणि पुढच्या भेटीत आधी आक्का सांगणार. मी मधे न बोलता भिंतीशी बसायला शिकले. घरी येऊन तक्ता उतरवला. आक्का म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे ना, भितीची भोकं झाकत होता.”

सगळं सुरळीत चाललं होतं, एक गोष्ट सोडून. फाइल आमच्याबरोबर कल्याणहून ठाण्याला आली होती. ओपीडीत डॉक्टर बदलते असत. प्रत्येक नवा डॉक्टर पानं उलटता उलटता एका जागी थांबायचा, चष्म्यावरून आक्कांकडे बघायचा, आणि त्याचा आवाज बदलायचा. “आजी, असं चालणार नाही.” “आजी, जिवाशी खेळ आहे हा.” आक्का मान खाली घालून हो म्हणायच्या. मी पंख्याकडे बघत बसायची. त्या पानाशी डॉक्टर आला की मला बसल्या जागी घाम फुटायचा, आणि तरीही मी गप्प. पेशंटची काळजी घेणाऱ्या माणसाला सगळे देवमाणूस म्हणतात. तसं म्हणवून घ्यायची चटक लागते, खोटं कशाला बोला.

मग एका सोमवारी मी पेन्शनच्या कागदासाठी ठाण्याला गेले होते, आणि हे गावी. दुपारी परत आले तर आक्का खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या, शेजारी फोन.

“काटा लालच्या पुढं गेला,” त्यांनी शांतपणे सांगितलं. “पाय दाबला, खड्डा पडला. सिस्टरला फोन लावला.” ह्यांनी फोनमध्ये सिस्टरच्या नंबरावर सिस्टरचा फोटो लावून दिला होता, तो त्यांनी दाबला होता. सिस्टरनी दम लागतोय का, छातीत दुखतंय का ते विचारलं, डॉक्टरांना विचारून पाण्याची अर्धी गोळी जास्त घ्यायला सांगितली, आणि दम वाढला तर थांबू नका, थेट हॉस्पिटल, नाहीतर उद्या सकाळी या, असं बजावलं.

मी पिशवी तशीच खाली टाकली. “मला का नाही फोन केलात?”

“तू काय केलं असतंस? रडत रडत आली असतीस.”

“पण असं झालं कसं? मी तर चिमूटभर मीठ घालते!”

“शेजारणीकडं सुकटीची चटनी खाल्ली. शनवारी आनि काल. लई दिवसांनी वास आला, ऱ्हावलं नाय.” मग जरा थांबून, “सिस्टरला सांगितलं तसं. त्या म्हनल्या, बरं केलं सांगितलंत, आता मला औषध ठरवता येतं.”

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आणि तिची चटणी म्हणजे मिठाचं आगरच. पण मला रागावता येईना. या बाईने स्वतःचा जीव वाचवला होता, आणि तो वाचवताना आपली चूक एका वाक्यात सांगून मोकळी झाली होती. मला मात्र इतके महिने ते एक वाक्य जमलं नव्हतं.

मंगळवारी ओपीडीत एक नव्या डॉक्टरबाई होत्या. वजन उतरलं होतं, छाती साफ होती, त्या खूश दिसत होत्या. मग पानं उलटता उलटता त्यांचा हात थांबला. चष्म्यावरून नजर आली. “आजी, इथे तर लिहिलंय की—”

“ते खोटं आहे,” मी म्हणाले.

माझा आवाज वर्गातला निघाला. दारातल्या वर्षा सिस्टरही वळून बघायला लागल्या. मी सांगून टाकलं. सैंधव मी आणलं, स्वयंपाक मी करत होते, यांनी चव घेऊन सांगितलं तरी मी ऐकलं नाही, आणि डॉक्टरनी विचारलं तेव्हा यांनी माझं नाव झाकलं. सांगताना मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

 डॉक्टरबाईंनी पेन घेतलं, त्या ओळीवर आडवी रेघ मारली, तारीख घालून सही केली आणि खाली दुसरी ओळ लिहिली. पेशंट स्वतः लक्षणं ओळखते, वेळेत कळवते.

“कं लिवलं होतं तितं?” आक्कांनी मला विचारलं.

मी वाचून दाखवलं. आधी खोडलेली ओळ मराठीत, मग नवी.

आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू सुटत गेलं. “यवढंच?” त्या म्हणाल्या. “तितं आला की परतेक डाक्टरचं तोंड पडायचं. मना वाटलं, आता ही जगनार नाय असं लिवलंय.”

इतके महिने! दर मंगळवारी ही बाई आपल्या मरणाचा कागद पिशवीत घालून डोंबिवलीहून ठाण्याला येत होती. तो कागद वाचता येणारी मी शेजारी बसलेली, आणि तिने मला विचारलं नाही, कारण तिला वाटत होतं की मी तिच्यासाठीच लपवते आहे. दिवाळीआधी आपली दोन चांगली लुगडी त्यांनी भाचीला देऊन टाकली होती. मला वाटलं होतं, जुनी झाली म्हणून.

रिक्षात मी विचारलं, “त्या दिवशी माझं नाव का झाकलंत?”

“शिकलेल्या मानसाला लोकं लई दिवस बोलतात,” आक्का म्हणाल्या. “अडान्याला बोललेलं इसरतात.”

डॉक्टरांचे, सिस्टरचे आभार मी त्यांना भेटून मानले. आक्कांचे मानायला गेले तर त्या ऐकून घेत नाहीत. तुम्हाला मात्र सांगते. घरातल्या पेशंटला वाचता येत नसेल तर त्याच्या फाइलवर जे जे लिहिलंय ते त्याला वाचून दाखवा. वाईट असलं तरी. तुमच्याविरुद्ध असलं तरी.

आम्ही घरी आलो. जेवण झालं. आक्कांनी फाइल माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि म्हणाल्या, “पयल्या पानापासून.” मी चष्मा लावला. पहिल्या पानावर वरतीच तो शब्द होता, जो मी केबिनचं दार लावून घेऊन त्यांच्यापासून दडवला होता. मी तो मोठ्याने वाचला. हार्ट फेल्युअर.

“फेल? म्हंजे बंद पडलं?”

“नाही, आक्का. दमलंय, पण चालू आहे.”

त्यांनी पाय वर घेतले, पदर सावरला.

“मंग वाच फुडं.”